लिंबूला केस आले

मला टक्कल आहे, आणि ते चांगलं दिसतं. हे मी आरशासमोर पुढून, बाजूने आणि दादाच्या फोनमधून वरून फोटो काढून, पूर्ण शहानिशा करून ठरवलेलं आहे. डोक्याला सुबक गोलाई आहे, कुठे खड्डा नाही, टेंगूळ नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांनी एकदा 'बाई, हिच्यामुळे डोळे दिपतात' अशी तक्रार केली होती. बाईंनी त्यांनाच बाहेर उभं केलं आणि मी दारातून जाताना त्यांच्यापुढे डोकं जरा तिरकं करून गेले. मिऱ्या वाटायला आमच्याकडे जागा आयतीच आहे.

पण टक्कल कितीही देखणं असो, शेजारच्या टकलावर केस उगवायला लागले की पोटात दुखतंच.

शेजारचं टक्कल लिंबूचं होतं.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर त्वचा विभागाबाहेर एक लांब बाक आहे. तिथे आम्ही पहिल्यांदा भेटलो. तीही नववीत, मीही नववीत. शाळा वेगळ्या, आजार एकच. शरीरातले पहारेकरी एके दिवशी येडे होतात आणि आपल्याच केसांच्या मुळांना चोर समजून हाकलून देतात. माझे सहावीत गेले, तिचे आठवीत. त्या दिवशी ती टोपी घालून बसली होती आणि मी रुमाल बांधून. बराच वेळ दोघी समोरच्या भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचत राहिलो. मग तिने टोपी काढली, खाजवलं आणि म्हणाली, "बघून घे. फुकट आहे."

तिचं डोकं वर किंचित निमुळतं होतं. मी म्हटलं, "लिंबू!"

तिने माझा रुमाल ओढला, नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "गोटी."

झालं. त्या दिवसापासून आम्ही एका माळेचे मणी.

आम्ही दोघी तिथे एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी आलो होतो. ते आमच्या डॉक्टर मॅडमनी आधीच समजावून सांगितलं होतं. आईला नाही, मला. आई शेजारच्या खुर्चीत होती, पण मॅडम बोलत होत्या माझ्याशी.

"निम्म्या मुलींना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी रिकामी. कुणाला कुठली हे कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत असणार."

"नाही."

"गुपचूप पण नाही?"

"गुपचूप पण नाही. मला कळलं ना, तर मी तुझं डोकं उगाच आशेने बघेन. मग नसलेला केस पण दिसेल मला."

आपल्याला माहीत नाही असं सांगणाऱ्या डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते. आईला ते मुळीच आवडलं नाही. "म्हणजे माझ्या पोरीला वर्षभर खडू खायला घालणार तुम्ही?"

"शक्यता आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर आधी विचारतोय. नाही म्हणालात तरी तिच्यावरचे बाकीचे उपचार चालूच राहतील. आणि वर्ष संपल्यावर औषध चांगलं ठरलं, तर रिकामी मिळालेल्या सगळ्यांना खरी मिळेल."

मी हो म्हटलं. माझी सही मी अशी झोकदार केली की तिची शेपटी आईच्या सहीवर गेली.

पहिले काही महिने मजेत गेले. दर महिन्याला रक्त द्यायचं, निळ्या पडद्यासमोर डोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली सिस्टरकडे द्यायची. सिस्टर त्या ताटलीत ओतून चमच्याच्या पाठीने एकेक सरकवत मोजायच्या आणि नवी बाटली द्यायच्या. आम्ही दोघी गुळगुळीत होतो, त्यामुळे आमची मैत्री अगदी निर्मळ होती. दोघींचं सारखंच वाईट चाललं असलं की मैत्री कशी छान चालते!

मग एके दिवशी लिंबू आली, बाकावर बसली, टोपी काढली आणि म्हणाली, "हात लाव."

मी लावला. मांजराच्या पिल्लाच्या पोटावर असते तशी लव होती. सगळीकडे. कानामागेसुद्धा.

"छान!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुणीतरी चिमटा काढल्यावर निघावा तसा निघाला.

"तुझं दाखव ना."

"माझं काय दाखवायचं? तसंच आहे. जैसे थे."

"येतील गं तुलाही."

हे 'येतील गं तुलाही' कुणी शोधून काढलं असेल त्याच्या डोक्यात उवा पडोत. घरी जाऊन मी जेवले नाही. दादाने विचारलं, "काय झालं, गोट्या हरवल्या?" तर मी उशी फेकून मारली. आई समजली. म्हणाली, "तिला मिळाली असेल खरी. तुला वर्षानंतर मिळेल. एवढं काय?"

एवढं काय! मी मनात रोज तिच्या डोक्यावरचे केस वाढवत होते. ती शाळेत जाताना भांग पाडत असेल, वाऱ्यावर उडवत असेल, शाम्पूची जाहिरात करत असेल. तिचे केस गळावेत असं मला वाटत नव्हतं, देवाशप्पथ. फक्त थांबावेत. माझ्यासाठी जरा कडेला उभे राहावेत, एवढंच.

पुढच्या महिन्यात ती हेअरपिन लावून आली. हेअरपिन! बोटभरसुद्धा केस नव्हते आणि त्यात लाल पिन. मुद्दाम शोधून शोधून अडकवली होती. मला केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलंच. लिंबू आंबट असते पण मूर्ख नसते. फोटो झाले, नव्या बाटल्या मिळाल्या, आणि तिने मला खालच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन बसवलं.

"जळतेयस ना?"

"हो," मी म्हटलं. "धूर दिसत नाही का?"

"मग ऐक. तुझी एक गोळी दे."

तिने माझी गोळी चाटली, मग तिची चाटली. मग मला दोन्ही चाटायला लावल्या. दोन्ही सारख्याच कडू. रंग सारखा, वजन सारखं, मधली रेघसुद्धा सारखी. ज्याने खोट्या गोळ्या बनवल्या तो पक्का बेरकी माणूस असणार.

"ठीक आहे," लिंबू म्हणाली आणि तिने कागदी प्लेट पुढे ओढली. "मिसळूया."

"काय?"

"दोन्ही बाटल्या ओतायच्या, कालवायच्या आणि निम्म्या निम्म्या घ्यायच्या. माझी खरी असेल तर अर्धी तुला. सिस्टरना आकडा बरोबर लागतो ना? आकडा बरोबरच येईल."

"आणि तुझे केस गळले तर?"

तिचा हात आपोआप पिनेकडे गेला. मग म्हणाली, "अर्ध्या गोळीवर अर्धे तरी राहतील. तू माझ्याकडे असं बघतेस ते मला नको वाटतं, गोटी."

आता सांगा, अशा मुलीवर कसं जळायचं? मी तरीही जळत होते. उलट जास्तच. केसही तिचे आणि मोठं मनही तिचंच! मला काहीतरी ठेवायचं होतं ना देवाने. पण प्लेट पुढे होती. मी बाटली उघडली आणि ओतली. तिने बोटांनी गोळ्या कालवल्या, मी वाटण्या केल्या. पुढच्या महिन्यात पण तेच केलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही.

माझ्या डोक्यावर काहीही उगवलं नाही. तिचे वाढतच राहिले. आता भुवया पण आल्या.

आणि मग माझं रक्त बिघडलं.

त्या दिवशी फोटोच्या आधीच डॉक्टर मॅडमनी मला आणि आईला आत बोलावलं. मॅडम कॉम्प्युटरकडे बघत होत्या, चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली आल्यात. ताप येऊन गेला का? तोंडात फोड?"

"फोड आलेत," मी म्हटलं. "मला वाटलं चिडचिडीने आलेत."

"गोळी आजपासून बंद. आत्तापासून." त्यांनी फोनकडे हात नेला, मग थांबून आईकडे वळल्या. "असं झालं की त्या एका पेशंटला कुठली गोळी होती ते उघडायची परवानगी मिळते. मी मागते. अर्ध्या तासात कळेल. तिला खरी गोळी असेल तर कारण तेच, औषध बंद केल्यावर पेशी बहुतेक परत वर येतील."

"आणि खोटी असेल तर?" आईने विचारलं.

"तर मग कारण दुसरीकडे शोधावं लागेल. हाडातला मगज तपासावा लागेल. कमरेच्या हाडातून सुईने काढतात. आधी भूल देतात," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण सोपं आहे असं सांगणार नाही मी तुला."

आई खुर्चीतच खचली. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच गोंधळ सुरू झाला होता. माझी गोळी रिकामी होती, याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती. आता परवानगी मिळणार, मॅडमना 'रिकामी' दिसणार, आणि त्या माझ्या हाडात नसलेला आजार शोधायला सुई घालणार. कारण मी लिंबूच्या खऱ्या गोळ्या खाल्ल्यात हे त्यांना माहीतच नाही!

तोंड उघडलं की सुटले असते. मी उघडलंही. आणि तिथेच अडकले.

कारण सांगितलं की लिंबूच्या गोळ्या बंद होणार. ते उघड होतं. चाचणीत भेसळ केलेली मुलगी कोण ठेवून घेईल? गोळ्या बंद, मग केस बंद, मग पिन बंद. आणि हे मनात आल्यावर माझ्या पोटात कुठेतरी खोल, इतकं गार गार आणि बरं वाटलं, की मी घाबरले. खरं बोलायचं तर होतंच. पण माझ्यातली जळकी भवानीसुद्धा पदर खोचून तेच म्हणत होती: सांग, सांग, लवकर सांग. तिच्या तोंडाने मला खरं बोलायचं नव्हतं.

"मला जरा बाहेर जाऊन येऊ दे," मी म्हटलं.

लिंबू बाकावर पाय हलवत बसली होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. पेशी, फोन, सुई.

"सांगू नकोस," ती ताबडतोब म्हणाली. "गोळी बंद केलीय ना तुझी? मग रक्त होईल बरोबर आपोआप."

"तोवर हाडात सुई घालतील."

"भूल देतात म्हणालीस."

"लिंबू!"

ती दुसरीकडे बघायला लागली. तिचे नवे केस कपाळावर आले होते, ते तिने मागे सारले. किती सहज सारले! मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाली, "तुला आनंद होतोय."

"नाही."

"गोटी. होतोय."

"थोडासा," मी म्हटलं.

"किती थोडासा?"

मी दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवलं. मग खोटं वाटलं म्हणून जरा वाढवलं.

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, त्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला आणि समोरून जाणारे वॉर्डबॉयकाका थबकले. "काही नाही काका, जा तुम्ही," तिने त्यांना हाकललं. नाक पुसलं. मग उठली.

"कुठे चाललीस?"

"आत. माझं मी सांगणार. तू सांगितलंस तर मला जन्मभर वाटत राहील की तू मला ढकललंस."

"मी पण येते."

"तू मागून ये. माझ्या मागून."

तशी मी मागून गेले. तिने दार ढकललं आणि मॅडमना, माझ्या आईसमोर, प्लेटपासून सगळं सांगितलं. मिसळायची कल्पना तिचीच होती म्हणाली. मी म्हटलं, बाटली पहिल्यांदा मी ओतली. ती म्हणाली, मध्ये बोलू नकोस.

आईने कपाळावर हात मारला. "अगं कार्ट्यांनो, औषध म्हणजे काय शेंगदाणे वाटले का तुम्हाला, मूठ मूठ वाटून खायला?"

डॉक्टर मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही डोळे बोटांनी दाबून धरले.

"किती महिने?"

"तीन," लिंबू म्हणाली.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही."

"का सांगितलं होतं?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला एका बाकावर बसवायला नको होतं. एकीचं डोकं दुसरीला दिसणार, आणि तुम्ही नुसत्या बघत बसाल, असं आम्ही धरून चाललो. ती आमची चूक. तीही कळवणार मी. पण गोळ्या आता तुझ्याही बंद." हे त्या लिंबूला म्हणाल्या. "चाचणीची समिती काय म्हणते ते बघू. मला वाटत नाही तुला परत घेतील."

"उरलेले महिनेसुद्धा नाही?"

"नाही गं."

लिंबूने मान हलवली. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मघाचा तो गारवा कुठे पळाला होता कोण जाणे. गरजेच्या वेळी हवा तसा एकही राग, एकही आनंद हाताशी सापडत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी ऐकलं, 'बरं' म्हणाल्या, पुन्हा एकदा 'नक्की ना?' विचारलं आणि ठेवला.

"खरी," त्या मला म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून तुझी गोळी खरी होती."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "नाही हो, माझे केस बघा ना."

"सगळ्यांना लागू पडत नाही औषध. तुला नाही पडलं."

म्हणजे कुणीही मला फसवलं नव्हतं. कॉम्प्युटरने नाही, खडूवाल्याने नाही. पानात पंचपक्वान्न वाढलं होतं आणि माझ्या टाळक्यानेच ते नाकारलं. इतके महिने मी ज्याच्यावर जळायचं ठरवलं होतं ते तर माझ्याच बाटलीत होतं.

"मग हिची?" मी लिंबूकडे बोट दाखवलं. "हिची कुठली?"

"तिची तब्येत ठीक आहे. तिची उघडता येणार नाही. वर्ष संपल्यावर कळेल."

"रिकामी पण असेल?"

"असू शकते. या आजारात कधी कधी केस आपले आपण परत येतात."

आपले आपण! फुकटात! औषधाशिवाय! मला भोवळच आली. हे खरं असेल तर तीन महिने मीच तिला माझं खरं औषध खिलवलं आणि वर तिचा हेवा केला.

लिंबू मात्र भलताच हिशेब करत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं नसतं तरी हिला सुई लागली नसती."

"नसती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते लपवलं नाही. "पण ते आत्ता कळलं. आणि तुम्ही गप्प बसला असतात तर या औषधाबद्दल आम्ही जे लिहिणार ते चुकीचं लिहिलं असतं. पुढच्या मुलीला ते चुकीचं मिळालं असतं."

"ती पुढची मुलगी मला भेटलेली नाही," लिंबू म्हणाली आणि बाहेर निघून गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतर माझ्या मेसेजला तिने उत्तर दिलं नाही. एकदाही नाही. माझ्या पेशी शहाण्यासारख्या वर आल्या. तोंडातले फोड गेले. मी रुमाल कपाटात टाकला, म्हटलं, टाळकं इतकं हट्टी आहे तर निदान हवा तरी खाऊ दे त्याला. आणि शाळेत मॉनिटरच्या निवडणुकीला उभी राहून निवडूनही आले. दादा म्हणाला, बिनकेसांची बिनविरोध. बिनविरोध नव्हते, चांगली तिघांना पाडलं, पण त्याला यमक हवं होतं.

शेवटच्या रक्ततपासणीला गेले तेव्हा बाकावर लिंबू बसली होती. समितीने तिला परत घेतलं नव्हतं. पण तब्येत बघायला बोलवत होते. मी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. आम्ही 'शांतता राखा' पाळत होतो.

मग ती सरकत सरकत माझ्यापर्यंत आली आणि पाठ करून बसली.

"मागे बघ. गळतायत का सांग. मला मागचं दिसत नाही."

"आईला विचार ना तुझ्या."

"आई म्हणते, छान आहेत. टक्कल होतं तेव्हा पण छानच म्हणायची. बाबा तर बघतच नाहीत, रडायला येतं त्यांना. तू जळकी आहेस. तू बघशील नीट."

मी बघितलं. खरंच नीट बघितलं, बोटांनी केस बाजूला करून, मुळापर्यंत. रिकामी जागा मिळाली असती तर मला दिसली असती, कारण मी ती मनापासून शोधत होते. कानामागे, मानेवर, मधल्या भोवऱ्यात. गोळ्या बंद होऊन किती आठवडे झाले होते, आणि एक कवडीएवढासुद्धा ठिपका नव्हता. दाट, काळे, मऊ, निर्लज्ज केस.

"काय?" तिचे खांदे ताठ झाले होते. "बोल ना गं."

"आहेत," मी म्हटलं. "सगळे आहेत."

"खरं?"

"कॉलरला लागायला लागलेत."

तिने श्वास सोडला. मग म्हणाली, "परत सांग."

"कॉलरला लागतायत, म्हटलं ना!"

"अजून एकदा."

आणि मी दात आवळून तिसऱ्यांदा सांगितलं.